चापाचा दात

शेजारच्या मळेवाल्याने आपल्या पिकावर जाळी ताणली आणि त्या दिवसापासून सगळे पोपट या दोघा भावांच्या सूर्यफुलावर येऊन बसायला लागले. आधी पाच-पंचवीस यायचे, मग शेकड्यांनी. उजाडलं की ओढ्याकाठच्या झाडांतून हिरवा लोट उठायचा, किंचाळत शेतावरून एक फेरी मारायचा आणि मग एकेका फुलावर एकेक पोपट उलटा लटकायचा. दाणा उचलायचा, सालपट थुंकायचं, दुसरा उचलायचा. घाई कसली ती नाही. बापाचं असल्यासारखं खायचे. दाणा भरायला अजून तीन आठवडे हवे होते आणि बांधाकडच्या चार ओळींतली फुलं आताच चाळणीसारखी रिकामी झाली होती.

थोरल्याची बायको सकाळ-संध्याकाळ डबा बडवत ओळींतून फिरायची. आठ दिवसांत तिचा घसा बसला. नवव्या दिवशी तोंडातून नुसती हवा यायला लागली, तेव्हा तिने ओरडणं सोडलं आणि डबाच काय तो बडवत राहिली. पोपट मग डब्यालाही सरावले. ती पलीकडच्या ओळीत बडवायची, ते अलीकडच्या ओळीत खायचे.

"वाजवा वहिनी, वाजवा," मळेवाला बांधावरून म्हणाला. "जेवताना गाणं असलं की घास गोड लागतो पाखरांना."

ती डबा बडवत पुढच्या ओळीत गेली. तिचा नवरा तेव्हा याच मळेवाल्याच्या विहिरीत कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याच्या पंपाचे बोल्ट सोडवत होता. वरचं बोलणं त्याने स्पष्ट ऐकलं. हातातला पाना जरा थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. पंपमिस्त्रीला ज्याचं त्याचं पाणी चालू करून द्यावंच लागतं. कोण काय बोलला हे धरून बसलं तर गावात एकही विहीर उरायची नाही.

दुपारी तिघं जेवायला बसली. म्हातारे आबा ओसरीवर खाटेवरच जेवायचे. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे गेले होते.

"ती बंदूक काढू," धाकटा म्हणाला.

वहिनीचा हात ताटावर थांबला. "कुठली?" तिने बसक्या आवाजात विचारलं, जशा काही घरात दहा बंदुका होत्या.

"माळ्यावरची."

थोरला पाणी प्याला. "गंजून माती झाली असेल तिची."

"गंज काढायला मिस्त्री घरात आहे की."

"नको भाऊजी. त्या वस्तूला हात लावायचा नाही असं सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या."

"वहिनी, डोळा गेला कुणाचा?" धाकट्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या उजव्या डोळ्याची पापणी आत ओढली जाऊन कायमची मिटलेली होती. "माझा ना? मला चालतंय. मग तुम्ही कशाला घास गिळायचे थांबलात?"

"पडू दे ती वर," ओसरीवरून आबा म्हणाले. "जुनं काही उकरायला जाऊ नका."

"आबा, पीक चाललंय."

"जाऊ दे गेलं तर."

आबांनी उभ्या जन्मात पिकाला कधी 'जाऊ दे' म्हटलं नव्हतं. थोरल्याला ते जरा विचित्र वाटलं, पण त्याचं लक्ष धाकट्याकडे होतं. धाकटा त्याच्याकडे बघत बसला होता. त्याला बोलावं लागतच नसे. छत्तीस वर्षांत त्याने दादाकडे असं बघितलं आणि दादाने नाही म्हटलं, असं एकदाही झालेलं नव्हतं. वाटणी करून टाकू म्हटलं तेव्हा विहिरीकडची काळी जमीन धाकट्याला गेली आणि थोरल्याने माळाकडची खडकाळ घेतली. नांगर आधी धाकट्याच्या रानात फिरायचा. पंप बनवणाऱ्या कारखान्यात थोरल्याला कामावर बोलावलं होतं, पंचविशीत. "जा की," धाकटा तेव्हा म्हणाला होता, "माझं काय, मी एका डोळ्याने बघेन घर." थोरला गेला नाही. धाकट्याचं लग्न जमलं नाही. मुली बघायला गेलं की मुलीकडचे दाराआडून हसायचे. शेवटच्या वेळी तो परत येऊन तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता. त्यानंतर आपल्या बायकोशीही त्याच्यासमोर हसून बोलायचं नाही, अशी थोरल्याला सवय लागली.

जेवण झाल्यावर त्याने शिडी लावली.

बंदूक गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेली होती. गाठी आईच्या हातच्या होत्या, एकावर एक सात-आठ. त्या सुटेनात म्हणून त्याने कापल्या. छर्‍याची साधी बंदूक, मध्ये मोडून नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग ताणली जाते, तसली. आबा वखारीत करवतींना धार लावायला होते, तेव्हा त्यांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. दस्त्याचं लाकूड तडकलं होतं, नळीवर गंजाचे पापुद्रे सुटत होते. घराबाहेरच्या छपरीत, जिथे तो लोकांचे पंप उघडायचा, तिथे लाकडी बाकावर त्याने ती आडवी ठेवली आणि बराच वेळ नुसता हात पुसत उभा राहिला.

"चावत नाही ती," धाकटा मागून म्हणाला.

"हो."

"किती दिवस लागतील?"

"बघू. उघडल्याशिवाय काय सांगू?"

पहिला दिवस गंजातच गेला. रॉकेलमध्ये भिजवलेला चिंधा गजाला गुंडाळून त्याने नळीतून ओढला, तर आतून गांधीलमाशीचं वाळलेलं मातीचं घर निघालं, मग तांबडं पाणी, मग काळं. विसाव्या-पंचविसाव्या चिंधीला कुठे नळीच्या त्या टोकाला उजेडाचा गोल दिसला. दुसऱ्या दिवशी मागची टोपी खोलायची होती. ते काम वाईट. आत स्प्रिंग दाबलेली असते, टोपी हातातून सुटली तर बोट असेल तिथे राहत नाही. त्याने बंदूक शिकंज्यात धरली, टोपीवर लाकडाचा ठोकळा लावला, स्वतःच्या छातीचा भार त्यावर टाकला आणि एकेक आटा सोडवत आणला. स्प्रिंग बाहेर आली तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. पण स्प्रिंगमध्ये तसा जोरच उरला नव्हता. दबून राहून राहून ती बोटभर बसली होती. तिच्यामागे त्याने दोन जाड चकत्या भरल्या.

आतला दट्ट्या हातपंपाच्या दट्ट्यासारखाच होता, फक्त लहान. त्याच्या तोंडाला चामड्याची वाटी असते. ती वाळून खारकेच्या सालीसारखी झाली होती. हे मात्र थोरल्याच्या रोजच्या कामातलं. जुन्या हातपंपाच्या चामड्यातून त्याने गोल कापला, कोमट तेलात रात्रभर भिजत घातला, सकाळी पाइपाच्या तुकड्यात ठोकून त्याची वाटी वळवली, कडा रापीने तासल्या. वाटी दट्ट्यावर बसवून नळकांड्यात सरकवली आणि समोरच्या भोकावर अंगठा धरून दट्ट्या दाबला. हवेने अंगठा मागे ढकलला. कितीही नको नको म्हटलं तरी कारागिराला अशा वेळी बरं वाटतंच. त्यालाही वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

या सगळ्या दिवसांत आबा खाटेवरून छपरीकडे बघत होते. थोरल्याने त्यांचं एकेक करून सगळं अवजार मागून नेलं होतं, तरी एरवी "ती कानस अशी धरू नकोस" म्हणून दिवसभर टोकणारे आबा मिठाची गुळणी धरून बसले होते. धाकटा सकाळी त्यांना उचलून मोरीवर न्यायचा, अंघोळ घालायचा, पुसून परत खाटेवर ठेवायचा. दोन वर्षं तो हे करत होता. थोरल्याची पाठ पंप उचलून गेली होती, आणि आबांनाही दुसऱ्या कुणाचे हात चालत नव्हते. "हळू रे," ते म्हणायचे. "हळूच आहे की," धाकटा म्हणायचा. त्या वेळी त्याच्या आवाजात कुठलाही काटा नसायचा.

पाचव्या दिवशी बंदूक जुळली. दुपारची वेळ होती, धाकटा आणि वहिनी शेतात होती. थोरल्याने नळी मोडली, खाली ओढली. स्प्रिंग करकरत ताणली गेली आणि आत कट् करून अडकली. नळी सरळ करून, छर्रा न घालताच त्याने बंदूक बाकावर ठेवली आणि चिंधी घ्यायला वळला.

फट्.

तो दचकून मागे फिरला. बंदूक जागेवरच होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

बसली नसेल नीट, असं म्हणत त्याने पुन्हा ताणली. या वेळी ती दोन्ही हातांत नळीशी धरली, चापापासून बोटं लांब ठेवून, आणि दस्ता हळूच जमिनीवर टेकवला. टेकवला म्हणजे आपटला नाही. पायरीवर काठी टेकवावी, तितकाच.

फट्.

त्याने तिसऱ्यांदा केलं, चौथ्यांदा केलं. मग शिकंज्यात धरून चापाची पेटी खोलली. आत बोटाच्या पेरापेक्षा लहान असा पोलादाचा दात असतो. तो दट्ट्याच्या खाचेत अडकतो आणि चाप ओढेपर्यंत सगळा जोर धरून ठेवतो. थोरल्याने तो रॉकेलमध्ये धुतला, अंगठ्याने पुसला आणि उजेडात धरला.

दात झिजलेला नव्हता. झिजलेलं लोखंड गुळगुळीत असतं, कडा गोल होतात. हा घासलेला होता. टोकावर बारीक रेषा होत्या, एकाशेजारी एक, सगळ्या डावीकडे कललेल्या. अर्ध्याहून जास्त दात कुणीतरी कानशीने उतरवला होता. अशा रेषा थोरल्याने लहानपणापासून हजारो करवतींच्या दातांवर पाहिल्या होत्या. त्याला कानस धरायला ज्यांनी शिकवलं, त्यांचा हात ओढताना डावीकडे जायचा. वखारीतले लोक त्यावरून त्यांची थट्टा करायचे.

तो बाकावर बसला.

तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, धाकटा सातचा. आबा शेतातून हाक मारून म्हणाले होते, ही बंदूक घरात नेऊन ठेव. त्याने ती ताणलेली तशीच नेली. फाटकाची कडी लावायला हात मोकळा हवा म्हणून दस्ता खालच्या पायरीवर टेकवला. वरच्या पायरीवर धाकटा वाकून चपलेत रुतलेला काटा काढत होता. आवाज झाला. नंतर धाकटा ओरडला नव्हता, हे त्याला आठवत होतं. तो नुसता "आई" म्हणाला, एखादी वस्तू सापडत नसली की म्हणतात तसं.

"मी चाप ओढला नाही," थोरला त्या दिवशी म्हणाला होता. आबांनी कमरेचा पट्टा काढला. "खोटं बोलतोस?" तो पुन्हा म्हणाला, ओढला नाही. पट्टा पुन्हा बसला. आई दारात उभी होती. कितव्या तडाख्याला कोण जाणे, त्याने सांगून टाकलं की ओढला. मग मार थांबला. आठवड्याने धाकट्याला दवाखान्यातून आणलं, तेव्हा त्याला उशाशी बसवून म्हणायला लावलं, माझ्या हातून चूक झाली. आणि पुढे वर्षं गेली तसा त्याला तो चाप आठवायलाही लागला. गार, थोडा वाकडा, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. किती तरी वेळा तो काम करता करता त्या बोटाकडे बघत बसायचा.

तो उठला आणि ओसरीवर गेला. आबांच्या समोर त्याने तळहात धरला.

आबांनी दात उचलला. डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याच्या नखाने त्यावरून एकदा रेघ ओढली आणि परत त्याच्या हातावर ठेवला.

"चाप फार जड होता," ते म्हणाले. "ओढेपर्यंत पाखरू उडून जायचं."

"म्हणून घासलात."

"जरा जास्त गेला हात."

"कधी कळलं तुम्हाला?"

आबांनी खाटेच्या सुंभात बोटं अडकवली. "त्याच वेळी. तू मोठ्याने म्हणालास ना, ओढला नाही म्हणून. तेव्हाच."

थोरल्याला वाटलं होतं की ते म्हणतील नंतर कळलं, महिन्याने, वर्षाने. त्याने तेवढी जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

"मग मारलंत कशाला मला?"

"तुझी आई बघत होती."

"म्हणजे?"

"माझ्याकडून झालं असं कळलं असतं तर ती त्या पोराला घेऊन निघून गेली असती माहेरी. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. परत तोंड बघितलं नसतं तिने माझं." आबा जरा थांबले. "दोष तुझा म्हटल्यावर तुला सोडून कुठे जाणार होती? आई पोराला सोडत नाही."

रस्त्यावरून एक सायकल गेली. ती वळणाआड जाईपर्यंत दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"धाकट्याला सांगू नकोस," आबा म्हणाले. "एवढं कर. माझं आता राहिलंय किती?"

थोरल्याने दात मुठीत घेतला. छपरीत जाऊन त्याने एका जुन्या मोटारीच्या दांड्याच्या खाचेतली चावी, पोलादाची छोटी पट्टी, काढली आणि तिच्यातून नवा दात कापायला घेतला. कापला, तापवून लाल केला, तेलात विझवला, पुन्हा हळूहळू तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला. खाचेशी दहा वेळा जुळवून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बंदूक ताणली आणि दस्ता दगडावर आपटला, मग हातोडीने ठोकला. दात सुटला नाही. चाप जड झाला होता, मुद्दाम ठेवला होता. तडकलेल्या दस्त्यात सरस भरून वर तार गुंडाळली, सगळ्या लाकडाला जवसाचं तेल चोळलं. बंदूक पुन्हा बंदुकीसारखी दिसायला लागली. जुना दात त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला.

धाकट्याला उजवा डोळा नव्हता म्हणून बंदूक डाव्या खांद्याला लावावी लागायची. पहिल्या दिवशी त्याने डबीभर छर्रे हवेत घालवले. पोपट उडायचे, एक गिरकी घ्यायचे आणि परत बसायचे. मळेवाला बांधावर येऊन उभा राहिला.

"काय रे, नेम धरताना एक डोळा मिटायला लागतो म्हणतात. तुझं ते काम आधीच झालेलं."

धाकटा हसला. लोकांच्या असल्या बोलण्यावर तो नेहमी हसायचा आणि त्याची भरपाई घरी आल्यावर व्हायची. दुसऱ्या दिवशी त्याने एक पोपट पाडला. काठीला टांगून शेताच्या मधोमध उभा केला. त्या दिवशी थवा बराच वेळ झाडांतच बसून ओरडत राहिला. संध्याकाळी वहिनीने कित्येक दिवसांत पहिल्यांदा डबा खाली ठेवला आणि बांधावर बसून पाय चोळले.

चौथ्या दिवशी सकाळी थोरला शेतात गेला, तर धाकटा ताणलेली बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसला होता. बोट चापावर होतं आणि नळीचं तोंड वहिनी खुरपत होती त्या बाजूला.

"बोट काढ चापावरून," थोरला म्हणाला.

धाकट्याने मान वळवली. "कोण सांगतंय बघा."

"काढ म्हणतो ना."

"दादा, सगळ्या जगाने मला हे शिकवावं, पण तू नको. तुला शोभत नाही."

वहिनीने खुरपं थांबवलं. थोरल्याने वाकून त्याच्या मांडीवरची बंदूक उचलली, आभाळात झाडून मोकळी केली आणि बांधावर ठेवली. मग खिशात हात घातला. सांगायचं असं ठरवून तो आला नव्हता. पण हात खिशात गेला आणि दात घेऊन बाहेर आला. आबांची विनवणी त्याला आठवत होती, तरी त्याने ते सगळं सांगितलं. कोणाची कानस, कशासाठी, पायरीवर काय झालं, आबांना कधी कळलं, आईला का कळू दिलं नाही. एका दमात सांगितलं. पंपाचा बिघाड सांगावा तसं सांगितलं, आधी काय, मग काय.

धाकटा तो दात बोटांत फिरवत होता.

"म्हणजे तू ओढला नव्हतास."

"नाही."

"मग माझ्या उशाशी बसून म्हणालास ते?"

"आबांनी म्हणायला लावलं."

"लावलं," धाकटा म्हणाला. "आणि नंतर? मोठा झाल्यावर? पट्टा काय जन्मभर होता त्यांच्या हातात?"

"नंतर मलाच खरं वाटायला लागलं."

धाकटा ओळींकडे बघत होता. पोपट परत आले होते. दहा हातांवर बसून खात होते. कुणी त्यांना हाकललं नाही.

"सात वर्षांचा होतो मी," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं मनात. कधीच नाही. मग तू रोज मला पाठीवर घेऊन शाळेत न्यायला लागलास. पोरं चिडवायची तर तू त्यांना मारायचास. हळूहळू मी सोडून दिलं. सोपं नव्हतं दादा ते. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेवढंच." त्याने दात थोरल्याकडे परत दिला. "मग मी माफ केलं कुणाला?"

थोरल्याने दात खिशात टाकला. त्याला वाटलं होतं, हे सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. धाकट्याचा चेहरा बघून त्याला कळलं की आपण फक्त दगड उचलून दुसऱ्याच्या हातात दिला.

"आणि त्यांना रोज अंघोळ मी घालतो," धाकटा म्हणाला, आणि बंदूक उचलून ओळींत शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी हाक मारली. धाकटा घरात नव्हता. त्यांनी दोनदा, तीनदा हाक मारली. मग शेताकडून फट् असा आवाज आला आणि ते गप्प झाले. थोरला छपरीतून उठून आला, त्यांच्या काखांत हात घातले. पाठीत कळ गेली, पण उचललं. म्हातारा दिसायला काटकुळा, पण हाडांचं वजन असतंच. मोरीवर बसवून त्याने अंगावर पाणी ओतलं.

"सांगितलंस," आबा म्हणाले.

"हो."

पाठ चोळताना शेतातून पुन्हा आवाज आला, फट्, आणि थोरल्याच्या हाताखाली ती पाठ थरकली. थोड्या वेळाने आणखी एक. प्रत्येक आवाजाला ती तशीच थरकत होती. थोरल्याने पाणी ओतायचं काम लवकर उरकलं.

घर तसंच चालू राहिलं. धाकटा वेळेवर जेवायला यायचा, ताट उचलून ठेवायचा, वहिनीला सरपण आणून द्यायचा. थोरल्याशी कामापुरतं बोलायचा. टोमणे मात्र बंद झाले. डोळ्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, तसं बघणंही सोडलं. थोरल्याला ते टोमण्यांपेक्षा जड जाऊ लागलं. एकदा थोरला आपण होऊन म्हणाला, "उद्या तुझ्या रानात आधी जाऊ." धाकटा म्हणाला, "कशाला? तुझं आधी कर. तुझ्यावर काही देणं आहे का माझं?" ओसरीवरून मात्र तो असा जायचा, जशी तिथे खाट ठेवलेलीच नाही. आबा हाक मारायचे. मग त्यांनी हाक मारणं कमी केलं आणि त्याच्या पावलांचा आवाज आला की नुसती मान उचलायचे.

"भाऊजी, म्हातारं माणूस आहे," वहिनी एकदा म्हणाली. तिचा आवाज परत आला होता, पण पहिल्यासारखा नाही, चिरलेला.

"माहितीये वहिनी," तो म्हणाला. "बघतोय मी."

पिकाची मान खाली वळली, फुलांच्या पाठी पिवळ्या पडून वाळल्या आणि काढणी सुरू झाली. बंदुकीने निम्मं पीक राखलं होतं. तेही थोडं नव्हे. तिघं विळ्याने मुंडकी कापून ढीग घालत होती. दुसऱ्या दिवशी आबांनी हट्ट धरला की मला शेतावर न्या. वहिनी म्हणाली, उन्हाचं कुठे, पण ते ऐकेनात. थोरल्याने त्यांना पाठुंगळी घेतलं, मध्ये दोनदा टेकवत बांधापर्यंत आणलं आणि ढिगाजवळच्या सावलीत गोणपाटावर बसवलं.

धाकटा पाणी प्यायला तिकडेच आला. आबांना बघून थबकला. आता वळून जाईल असं थोरल्याला वाटलं. पण तो गेला नाही. कळशीतून तांब्याभर पाणी घेतलं, प्याला आणि आबांच्या शेजारी, हातभर अंतरावर, खाली बसला. आबांच्या तोंडावर एकदम काही तरी उजळलं. ते त्याच्याकडे सरकायचा प्रयत्न करू लागले.

"पीक बरं आलं रे," ते म्हणाले.

धाकटा समोर बघत होता. तो आबांच्या डाव्या बाजूला बसला होता, म्हणजे त्याचा उजवा डोळा, तो मिटलेला, आबांच्या बाजूला आला होता. पलीकडे सगळी मोकळी जागा होती, बसायचं तर तो तिकडेही बसू शकला असता.

"अरे, मी काय म्हणतो," आबा म्हणाले. त्यांचा हात गोणपाटावरून उठला, धाकट्याच्या गुडघ्याच्या दिशेने गेला आणि मध्येच थांबला. "माझ्याशी एकदा बोल. शिव्या दे. पण बोल."

धाकट्याने तांब्या उपडा करून कळशीवर ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तो उठला आणि विळा घेऊन ओळीकडे चालू लागला. तो हात त्याला दिसला की नाही, हे थोरल्याला त्याच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही. त्या बाजूने त्याला दिसतच नव्हतं.

आबांचा हात तसाच थोडा वेळ अधांतरी राहिला. मग ते म्हणाले, "चल, घरी ने मला."

थोरल्याने विळा खाली ठेवला, त्यांच्यासमोर पाठ करून उकिडवा बसला आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या गळ्याभोवती ओढून घेतले.